पहारेकऱ्याचे सात दिवस

“माझा सख्खा भाऊ येशूला नाकारतो. आजारी आहे, किती दिवस हातात आहेत माहीत नाही. सांगायला गेले की तोंड फिरवतो. नाही सांगितलं तर त्याच्या नाशाचा जाब देव मला विचारणार. मी करू तरी काय?”

पुण्यातल्या ख्रिस्ती घरांमधून हा प्रश्न सतत येतो, फक्त नातं बदलतं. कुठे भावाच्या जागी मुलगा असतो, कुठे नवरा, कुठे ऑफिसातली डबा वाटून खाणारी मैत्रीण. इथे सांगितलेली हकीकत वडगावशेरीतल्या ५४ वर्षांच्या एका बाईंची आहे. दोन-तीन घरांतल्या गोष्टी एकत्र करून आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून ती लिहिली आहे. त्यांना आपण ताई म्हणू.

ताईंचा दादा ६१ वर्षांचा. दोन्ही मूत्रपिंडं निकामी, वर्षभर डायलिसिस चालू. मंगळ, गुरु, शनि, दर वेळी चार तास. तीस वर्षांपूर्वी त्याने एका हिंदू मुलीशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं आणि चर्च सुटलं. ताईंनी गेल्या चार महिन्यांत त्याला वाचवायची मोहीमच उघडली होती. शेवटी दादाने नंबर ब्लॉक केला आणि वहिनीकरवी निरोप दिला, “डायलिसिसच्या दिवशी तिला येऊ देऊ नकोस.”

मग ताई आमच्याकडे समुपदेशनाला आल्या. पहिल्या भेटीत धीर देणं, वचन वाचणं, प्रार्थना करणं यातलं काहीच आम्ही केलं नाही. आधी एक तक्ता भरून घेतला. काय सांगितलं, कुठे, तेव्हा आणखी कोण होतं, दादाने विचारलं होतं का, तो काय म्हणाला. असे पाच रकाने आणि आठवतील तेवढ्या सगळ्या नोंदी. हा तक्ता कोणीही घरी भरू शकतं. फार बोलका असतो.

ताईंच्या ४१ नोंदी झाल्या. तीस पहाटेचे फॉरवर्ड, त्यात दोन नरकाचे व्हिडिओ, मागे किंकाळ्यांचा आवाज असलेले. सहा फोन. पाच वेळा प्रत्यक्ष. ‘विचारलं होतं का’ या रकान्यात चाळीस वेळा ‘नाही’. एकदाच ‘हो’ होतं, आणि त्यापाशी ताई अडखळल्या. दादाने विचारलं होतं, “आई दिवा लावताना ते गाणं म्हणायची, त्याचं दुसरं कडवं काय होतं गं?” ताईंनी उत्तरादाखल योहान ३:१८ पाठवलं होतं. जो विश्वास ठेवत नाही त्याचा न्यायनिवाडा होऊन चुकला आहे, ते वचन. चाळीस वेळा नको असताना बोलल्या आणि एकदा दार किलकिलं झालं तेव्हा त्याच्यावर नोटीस चिकटवून आल्या.

प्रत्यक्ष भेटींतली एक नोंद जवळून पाहण्यासारखी आहे. प्रार्थना-गटातल्या चौघी ताईंबरोबर दवाखान्यात गेल्या. कोणाला विचारलेलं नव्हतं. पलंगाला वेढा घालून मोठ्याने प्रार्थना झाली. शेजारच्या मशीनवरचा पेशंट उठून बघत होता आणि वहिनी डबा घेऊन दाराबाहेर उभी. जाताना उशीखाली धर्मप्रचाराची एक पत्रिका आणि टेबलावर भेट म्हणून सहा शहाळी नि डझनभर केळी ठेवली. शहाळं आणि केळं या दोन्हींत पोटॅशियम भरपूर असतं. निकामी मूत्रपिंड ते बाहेर टाकू शकत नाही, रक्तात साठलं की हृदयाचे ठोके बिघडतात आणि हृदय थांबूही शकतं. वहिनीने ती सगळी शहाळी आयाबाईंना वाटून टाकली. त्याच्या आत्म्याला धोका आहे हे सांगायला आलेल्या पाच जणींपैकी एकीनेही त्याला काय चालतं नि काय घातक आहे हे विचारलं नव्हतं. दादाला पत्रिकेपेक्षा हेच जास्त लागलं असणार, असं आमचं मत आहे. ज्यांना माझं ताट माहीत नाही त्यांना माझा परलोक कुठून माहीत?

आता भीतीबद्दल, कारण गाडं इथेच अडतं.

ताई पहाटे तीनला उठत. मनात एकच हिशोब. आज सांगितलं नाही आणि आजच तो गेला तर? मग फॉरवर्ड जाई. पाठवला की छाती हलकी होई, दुपारपर्यंत पुन्हा भरून येई. ही चाल नीट बघितली तर कळतं की फॉरवर्ड दादासाठी जात नव्हता. तो ताईंच्या छातीवरचं ओझं तासभर उतरवण्यासाठी जात होता. औषध आपण घ्यायचं आणि कडू घोट दुसऱ्याच्या तोंडात ओतायचा, असा प्रकार.

यावर एक साधा सराव दिला. पाठवावंसं वाटलं की फोन स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवायचा, वहीत वेळ लिहायची आणि भीतीला शून्य ते दहा आकडा द्यायचा. दर दहा मिनिटांनी पुन्हा आकडा. त्या वेळात भीती घालवण्यासाठी काहीही करायचं नाही. पास्टरांना फोन नाही, तेच वाक्य पुटपुटणं नाही. पहिल्या दिवशी आकडे असे होते: ९, ९, ८, ८, ६, ५. पन्नास मिनिटांत, काहीही न पाठवता. दोन आठवड्यांनी सुरुवातच सहापासून होऊ लागली. भीती आपली आपण उतरते हे ताईंनी स्वतःच्या अक्षरात बघितलं, तेव्हा कुठे पुढचं बोलणं शक्य झालं.

कधी आकडा उतरतच नाही. तीच प्रार्थना ‘बरोबर झाली नाही’ म्हणून पुन्हापुन्हा म्हटली जाते, ‘माझी चूक नाही ना’ हे दिवसातून दहा वेळा विचारलं जातं, आणि रोजचा तासाहून अधिक वेळ त्यात जातो. मग हा प्रश्न श्रद्धेचा राहत नाही. धार्मिक विषयाला चिकटलेला मंत्रचळ म्हणजे ओसीडी असू शकतो आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञ लागतो. ‘विश्वास कमी पडतोय’ म्हणून अशा माणसाला आणखी प्रार्थनेला बसवणं म्हणजे आगीत रॉकेल. कुठे जावं कळत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

पण ताईंची भीती नुसती आजारातून आलेली नव्हती. तिला शास्त्रातला आधार होता, आणि तो बाजूला सारून ‘एवढं मनावर घेऊ नका’ म्हणणं त्यांच्या श्रद्धेचा अपमान झाला असता. आधार बायबलमधल्या यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाचा. अध्याय ३ आणि ३३. पहारेकऱ्याने तलवार येताना पाहिली आणि कर्णा वाजवला नाही, तर मेलेल्याच्या रक्ताचा जाब त्याच्याकडे. ताईंना हे तोंडपाठ होतं. तिसऱ्या अध्यायाच्या सतराव्या वचनापासून.

म्हणून पंधराव्यापासून वाचायला सांगितलं. तिथे यहेज्केल खबार नदीकाठी तेल-अबीबात धरून नेलेल्या लोकांकडे येतो आणि सात दिवस त्यांच्यामध्ये सुन्न होऊन नुसता बसून राहतो. पहारेकरी नेमल्याचं वचन त्याला सात दिवस संपल्यावर येतं. त्याच अध्यायात पुढे, सव्विसाव्या वचनात, देव त्याची जीभ टाळूला चिकटवतो, त्याने लोकांना दोष देत सुटू नये म्हणून. सत्ताविसाव्यात म्हणतो, मी बोलेन तेव्हा तुझं तोंड उघडेन, आणि ऐकणारा ऐको, न ऐकणारा न ऐको. बसणं, बोलणं आणि गप्प राहणं, तिन्ही एकाच नेमणुकीतली कामं आहेत. आणि पहारेकऱ्याची जबाबदारी कर्णा वाजवण्यापुरती. लोकांना दंडाला धरून तटाच्या आत ओढणं त्याच्याकडे दिलेलं नाही.

ताई बराच वेळ पानाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “मी तर एक दिवसही नुसती बसले नाही हो त्याच्याजवळ.”

भीती घालून माणूस वळतो का, याचं उत्तर मानसशास्त्रातही बरंच जुनं आहे. अमेरिकेत १९५३ मध्ये जॅनिस आणि फेशबॅक यांनी शाळकरी मुलांना दात किडण्याबद्दल तीन प्रकारचं व्याख्यान दिलं: सौम्य भीतीचं, मध्यम आणि भयानक. भयानक ऐकलेली मुलं घाबरली सगळ्यात जास्त, पण सांगितल्याप्रमाणे दातांची काळजी घेऊ लागली ती सौम्य गटातली अधिक. पुढच्या अभ्यासांनी यात एक महत्त्वाची भर घातली. नुसत्या धोक्याने माणूस कान झाकतो, पण धोक्याबरोबर जमेल असा मार्गही स्पष्ट दाखवला तर तीच भीती उपयोगी पडते. दुसरी गोष्ट जॅक ब्रेह्म यांनी १९६६ मध्ये मांडली. आपली निवड कोणी हिरावून घेतंय असं वाटलं की माणूस ती आणखी घट्ट धरतो. साठीतल्या पुणेकराला हे शिकवायला अमेरिका लागत नाही म्हणा. दादाच्या पहिल्या नोंदीत ‘बघू’ होतं, दहाव्यात ‘नको’, तिसाव्यात शिवी. नकार ताईंनी पक्का करून दिला होता.

इथे काही समुपदेशक ‘मग नरकाचा विषयच सोडा’ असं सांगतात. आम्ही तसं सांगत नाही. न्याय आहे असं ज्याला मनापासून वाटतं त्याने आजारी भावापासून ते लपवून ठेवणं ही माया नव्हे, आणि येशूच्या शब्दांतून न्याय वगळला तर बरीच पानं कोरी राहतात. प्रश्न सांगण्याच्या पद्धतीचा आहे. लूकचा तेरावा अध्याय एका बैठकीत वाचून पाहा. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली, ती काय जास्त पापी होती? येशू म्हणतो, नाही. पण पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल. लगेच पुढे अंजिराचं झाड. तीन वर्षं फळ नाही, मालक तोडा म्हणतो आणि माळी म्हणतो, यंदा राहू द्या, मी भोवती खणून खत घालतो. आणि अध्यायाच्या शेवटी पिलांना पंखांखाली घेऊ पाहणारी कोंबडी, आणि पिलं येत नाहीत. इशारा, खत आणि पंख. ताईंकडे तिघांपैकी पहिलंच होतं.

त्याच अध्यायामुळे आणखी एक वाक्य कायमचं बंद करायला सांगितलं: “हा आजार म्हणजे देवाने तुला दिलेला इशारा आहे.” बुरुजाखाली मेलेल्यांबद्दल जे म्हणायला येशूने नकार दिला, ते डायलिसिसच्या पलंगापाशी म्हणायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

यानंतरचं काम म्हणजे दादाने नेमकं काय नाकारलं आहे ते शोधणं. ताईंचं उत्तर तयार होतं: “ख्रिस्ताला.” विचारलंत का? नाही. मग ठरलं की महिनाभर एकही वचन नाही. वहिनीची परवानगी घेऊन मंगळवारी दवाखान्यात सोडायला जायचं आणि फक्त ऐकायचं. वहिनी फोनवर म्हणाली, “या. पण शहाळी नकोत.” ताईंनी माफी मागितली आणि काय चालतं ते तिच्याकडूनच लिहून घेतलं. पाणी दिवसाला किती ते डॉक्टरांनी ठरवून दिलेलं, आमटी-चहा धरून. बटाटा हवाच असेल तर साल काढून पातळ फोडी, भरपूर पाण्यात उकळायच्या, ते पाणी ओतून द्यायचं, मग फोडणी. तीस वर्षांत नणंद-भावजयींचं इतकं लांब बोलणं पहिल्यांदाच झालं असावं.

तिसऱ्या मंगळवारी दादा रिक्षात आपणहून बोलला. लग्नानंतर चर्चच्या कमिटीने त्याचं प्रभुभोजन बंद केलं होतं, ते त्याने पचवलं. पण आई गेली तेव्हा त्याला मागच्या बाकावर बसायला सांगितलं आणि प्रवचनात, आईची पेटी समोर असताना, ‘या घरातला एक जण नाशाच्या वाटेवर आहे’ असं सगळ्यांदेखत ऐकवलं गेलं. ताई पुढच्या बाकावर होत्या. मग तो हसून म्हणाला, “चहा प्यायला म्हणून वाळीत टाकायची पुण्याची खोड जुनीच. पंचहौद मिशनमधल्या चहापायी १८९० ला टिळक-रानड्यांना सोडलं नाही. आपल्या कमिटीने ती खोड फक्त ख्रिस्ती करून घेतली.”

ताई ही गोष्ट घेऊन जवळजवळ आनंदाने आल्या. म्हणजे त्याचा राग माणसांवर आहे, येशूवर नाहीच! इथे सावध राहावं लागतं. दुखावलेल्या माणसाची जखम कळली की ‘मूळ कारण’ सापडलं असं वाटतं आणि जखम बरी केली की तो आपोआप परत येईल असा हिशोब सुरू होतो. मग माफीसुद्धा आमिष होते. दादाला माणसांचा राग आहे हे खरं. त्याशिवाय त्याने विचार करून काही नाकारलं असेल, तेही खरं असू शकतं. दोन्ही वेगळं धरायचं. माफी मागायची ती चूक झाली म्हणून, पुढे काही मिळो न मिळो.

मग एकदाच बोलायचं ठरलं. त्याची तयारी दोन भेटी चालली, आणि इथे बारकावे महत्त्वाचे आहेत.

वेळ. मंगळवारी नको, कारण शनिवारनंतर दोन दिवसांचा खाडा पडलेला असतो, अंगात पाणी साठलेलं असतं, दम लागतो. डायलिसिस चालू असताना नको, शेवटच्या तासात रक्तदाब पडतो, पेटके येतात आणि माणूस उठून जाऊही शकत नाही. जो उठून जाऊ शकत नाही त्याला इशारा देणं ही जबरदस्तीच. संपल्यावर तो गळून गेलेला असतो. म्हणून मधला दिवस, बुधवार, दुपारच्या झोपेनंतर, त्याच्या घरी, त्याच्या खुर्चीत. वहिनीला आधी कल्पना. तिच्या पाठीमागे काही नाही.

परवानगी. दारूच्या व्यसनातल्या माणसांशी बोलण्यासाठी विल्यम मिलर आणि स्टीफन रॉलनिक यांनी जी पद्धत घडवली तिचा गाभा इथेही चालतो: विचारा, थोडकं सांगा, पुन्हा विचारा. परवानगी खरी हवी, म्हणजे ‘नाही’ आलं तर विषय तिथेच संपला पाहिजे. ताईंकडून ते ‘नाही’ ऐकण्याचा सराव आठ-दहा वेळा करून घेतला. पहिल्या तीनदा त्या “बरं, पण एकच...” असं म्हणत राहिल्या.

लांबी तीन मिनिटं. वचनांची यादी नाही. ‘तू’ने सुरू होणारी वाक्यं नाहीत, ‘मी’ची. आणि भीतीचं वाक्य एकटं सोडायचं नाही. त्याच्या शेजारीच दार उघडं असल्याचं वाक्य हवं, नाहीतर ती दात किडण्याच्या भयानक व्याख्यानासारखी गत. पेत्राच्या पहिल्या पत्रात आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर ‘सौम्यतेने व भीडस्तपणाने’ द्या असं आहे. भीडस्तपणा हा मराठी शब्द अनुवादकांनी फार नेमका ठेवला आहे. समोरच्याची भीड वाटली पाहिजे.

बुधवारी झालं ते ताईंनी सांगितलं तसं:

“दादा, एक बोलायचंय. नको म्हणालास तर आपण भाजीचं बोलू.”

“बोल. लांबण नको.”

“आईच्या वेळी तुला मागे बसवलं आणि मी पुढे गप्प बसले. ते चुकलं माझं. दवाखान्यात बायका आणल्या, तेही चुकलं.” थोडा वेळ थांबून, “येशूने तुझ्यासाठी जीव दिला असं मी मानते. त्याला नाकारून माणूस गेला तर देवापासून कायमची ताटातूट होते असंही मानते, आणि म्हणून मला तुझ्यासाठी भीती वाटते. तो तुला आज, आहेस तसा घेईल. तुला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. हे मी परत परत सांगणार नाही. तू विचारलंस तर कधीही बोलेन. आणि तू नाहीच म्हणालास तरी मंगळवारी मीच येणार. तुला काय वाटतं?”

दादा बराच वेळ बोलला नाही. ही शांतता भरून काढायची नाही हे ताईंना पढवलेलं होतं. त्यांनी साडीच्या काठाचे धागे मोजले. शेवटी तो म्हणाला, “माफी मागितलीस ते बरं केलंस. बाकीचं मला पटत नाही. आधीही पटत नव्हतं, तेव्हा बोललो नाही इतकंच.”

ताई म्हणाल्या, “बरं.”

या ‘बरं’साठी तीन महिने गेले. धनवान माणूस खिन्न होऊन निघून गेला, त्याआधी येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली होती, असं मार्क सांगतो. त्याच्यामागे धावत जाऊन अट सैल केली किंवा आवाज चढवला असं मार्क सांगत नाही. रोमी सुभेदार फेलिक्सही प्रेषित पौलाचं न्यायाबद्दलचं बोलणं ऐकून घाबरला आणि म्हणाला, आता जा, सवड मिळेल तेव्हा बोलावीन. त्याने नंतर पुष्कळदा बोलावलंही, पण पैशाच्या आशेने. घाबरणं आणि वळणं या दोन गोष्टी शास्त्रातही एक नाहीत.

ताईंना त्या रात्री झोप लागली का? नाही. पहाटेचा आकडा सात होता. अपराधाची टोचणी गेली होती, दुःख होतं. दुःखावर उपाय नसतो आणि असूही नये. भावांसाठी आपल्या मनात अखंड वेदना आहे असं रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात पौलही लिहितो. त्या दुःखाला रोज वीस मिनिटांची जागा करून दिली, संध्याकाळी, आईच्या दिव्याच्या वेळेला. प्रार्थना तेव्हा. दादाला त्याचा निरोप पाठवायचा नाही. “तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते” हाही बऱ्याचदा प्रार्थनेच्या वेषातला टोमणा असतो.

वेगळ्या नात्यांत थोडं बदलतं. नवरा-बायकोत पेत्र स्वतःच ‘वचनावाचून’ म्हणजे न बोलता वागण्याने जिंकण्याबद्दल लिहितो, आणि ते अक्षरशः घ्यावं. घाई असेल त्यांनी कवी ना. वा. टिळकांच्या घराकडे पाहावं. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षं सोपी नव्हती. वयात आलेल्या मुलांशी एकदा स्पष्ट बोलणं पुरतं, घर त्यांचंच राहतं हे मात्र वारंवार दिसू द्यावं. जेवणाच्या ताटाला प्रार्थनासभेची अट घालू नये. आपल्या हाताखालच्या माणसाला, आपल्या पेशंटला, आपल्या विद्यार्थ्याला इशारा द्यायला जाऊच नये. पगार, सुई किंवा मार्क ज्याच्या हातात आहेत त्याच्यापुढे ‘नाही’ मोकळेपणाने येत नाही. घटनेचा अनुच्छेद २५ धर्म सांगण्याची मोकळीक देतो, पण दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क देत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं. आमच्या मते कायदा नसता तरी ही रेघ हीच राहायला हवी.

एक विषय बहुतेक घरं टाळतात आणि मग पेटीपाशी भांडतात: अंत्यविधी. माणूस बोलू शकतो तोवर त्यालाच विचारावं, आणि उत्तर त्याच्याच अक्षरात घ्यावं. श्रद्धा न मानणाऱ्या भावाला मेल्यावर ख्रिस्ती करून पुरणं ही त्याच्या ‘नाही’वर केलेली शेवटची मात असते. तो गेल्यावर ‘कुठे गेला’ हेही कोणी जाहीर करू नये. येशूबरोबर वधस्तंभावर असलेल्या चोराचा शेवटच्या तासातला पश्चात्ताप शेजारच्यालाच ऐकू आला होता.

दादाशी हे वहिनीने बोलावं असं ठरलं. त्याने वहीच्या फाडलेल्या कागदावर चार ओळी लिहिल्या. वैकुंठ स्मशानभूमी, विद्युतदाहिनी. प्रवचन नको. कमिटीतलं कोणी आलं तर पुढे बसवू नका, मागे बसवा. शेवटची ओळ ताईंसाठी होती: आईचं गाणं म्हणायचं असेल तर म्हण, दुसरं कडवं सोडू नको.

ताईंनी कागद वाचला, घडी केली आणि वहिनीकडे परत दिला. मंगळवार होता. रिक्षा खाली उभी होती आणि डब्यात उकळून पाणी काढलेल्या बटाट्याची भाजी होती. दादाच्या मते फार मऊ झालेली.